हाताचे वळण

मराठीत सवयीसाठी जे शब्द आहेत, त्यांत 'वळण' हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. एखादी गोष्ट अंगवळणी पडते तेव्हा ती देहाने उचललेली असते. मनाला तिची दरवेळी आठवण करून द्यावी लागत नाही. मुलाला वळण लावले असे आपण म्हणतो तेव्हा त्याच शब्दात नीतीचा अर्थ उतरतो, आणि अक्षराला चांगले वळण आहे असे म्हणताना हाताचे कसब अभिप्रेत असते. देहाची सवय, हाताचे कसब आणि चारित्र्य या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदाव्यात, हा केवळ भाषेचा योगायोग असेल असे मला वाटत नाही. नीतिविचार करणारे मात्र बहुधा या तिहींची फारकत करतात. हेतू, संकल्प, विवेक यांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पण ज्या कृतीमागे त्या क्षणी संकल्प असा नव्हताच, केवळ हात सवयीने हलला, तिची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सहसा तळटीपेत ढकलला जातो.

त्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी येथे एक असे क्षेत्र घेतो, की ज्याचा तत्त्वचिंतनाशी सहसा कोणी संबंध जोडत नाही : हौशी नेमबाजांचा सराव, आणि त्यातही पिस्तुलातील रिकामे मॅगझिन टाकून भरलेले बसविण्याचा सराव. विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या कामात सवयीवाचून पाऊल पुढे पडत नाही, आणि सवयीतच खोट असेल तर शेजारी उभा असलेला निरपराध माणूस प्राणास मुकतो, अशी कामे फार नाहीत. म्हणूनच सवयीच्या नीतीचा प्रश्न येथे जितका उघडावाघडा दिसतो तितका एरव्ही दिसत नाही.

मराठी वाचकाला नेमबाजी ठाऊक आहे ती ऑलिंपिक परंपरेतील. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांना पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळाले. या परंपरेत घाईने मॅगझिन बदलण्याचा प्रश्न येत नाही. पंचवीस मीटरच्या पिस्तुलात आज्ञा झाल्यावर पाच काडतुसांचे मॅगझिन बसवावयाचे, पाच गोळ्या झाडावयाच्या, आज्ञा झाली की शस्त्र रिकामे करून नळीत भडक रंगाची खूण घालावयाची, म्हणजे दुरूनही पाहणाऱ्याला ते निरुपद्रवी असल्याचे कळावे. साऱ्या कृतींना बाहेरून लय दिलेली असते.

याहून निराळी एक शाखा अमेरिकेत वाढली. १९७६ साली मिसूरी राज्यातील कोलंबिया या गावी 'इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन' ही संघटना स्थापन झाली, आणि मरीन दलातील निवृत्त अधिकारी जेफ कूपर (१९२०–२००६) हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. या खेळात नेमबाज एका जागी उभा राहत नाही. तो धावतो, वळतो, आडोशामागून नेम धरतो, आणि घड्याळ चालू असते. कूपर यांच्याच नावे प्रसिद्ध असलेला एक लहानसा पाठ आहे. समोर तीन लक्ष्ये, नेमबाजाची त्यांच्याकडे पाठ. संकेत होताच त्याने वळावयाचे, प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या झाडावयाच्या, मॅगझिन बदलावयाचे आणि पुन्हा प्रत्येकी दोन. मूळ मर्यादा दहा सेकंदांची. मॅगझिन बदलणे हे या पाठाच्या अगदी मध्यभागी येते, आणि नवशिक्याचे दहा सेकंद बहुधा तेथेच सांडतात.

ही क्रिया जवळून पाहण्याजोगी आहे. मॅगझिन म्हणजे काडतुसे एकावर एक रचून धरणारी, आत स्प्रिंग असलेली चपटी पेटी. ती पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकविली जाते. उजव्या हाताचा अंगठा कळ दाबतो तशी रिकामी पेटी स्वतःच्या भाराने खाली पडते. तोवर डावा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेलेला असतो. तेथे भरलेली पेटी अशी उभी ठेवलेली असते की काडतुसांची टोके पुढे यावीत. त्यामुळे ती उचलताना तर्जनी तिच्या पुढल्या अंगावर सरळ टेकते आणि बोटाचे टोक सर्वांत वरच्या गोळीपाशी येते. बोट जिकडे दाखवील तिकडे पेटी जाते. अंधारात दाराची कडी सापडावी तसे हे आहे. दरम्यान पिस्तूल चेहऱ्यासमोर थोडे कलते होते, मुठीचे खालचे तोंड दिसू लागते, डोळा निमिषभर लक्ष्यावरून उतरून त्या तोंडाकडे पाहतो, तळहात पेटीला शेवटपर्यंत रेटतो आणि डावा हात पुन्हा आपल्या जागी येतो. हे सारे चांगल्या नेमबाजाला दोन सेकंदांच्या आत जमते. अव्वल दर्जाच्या नेमबाजाला एका सेकंदाच्या आसपास.

त्याचा सराव तुकड्यातुकड्यांनी करतात. पेटी मुठीच्या तोंडाशी आणावयाची आणि तेथेच थांबावयाचे, आत घालावयाची नाही, असे शंभरदा. मग केवळ रेटण्याचे काम, शंभरदा. घरी सराव करणारा पलंगाच्या कडेशी उभा राहतो, कारण पडणारी पेटी गादीवर पडलेली बरी. संगीताच्या रियाजाशी याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. तेही पलटे घोटण्याचेच काम आहे. परंतु एक बाब रियाजात नाही. या साऱ्या हालचालींत एक हालचाल अशी आहे की ती वेगाच्या काडीइतक्याही उपयोगाची नाही : मॅगझिन बदलण्याआधी उजवी तर्जनी चापावरून काढून, चापाच्या कड्याबाहेर, सरळ ठेवणे. ती चापावरच राहिली तरी पेटी तितक्याच झटकन बदलता येईल. पण डाव्या हाताने पेटी जोरात रेटताना उजव्या हाताची बोटेही सहानुभूतीने आवळली जातात, हा मनुष्यदेहाचा धर्म आहे. आणि बोट चापावर असेल तर नळीत राहिलेली गोळी सुटते. म्हणून स्पर्धेचे नियम सांगतात की मॅगझिन बदलताना ज्याचे बोट कड्याच्या आत दिसेल, तो त्या क्षणी स्पर्धेबाहेर. गोळी सुटली की नाही हा प्रश्नच विचारला जात नाही.

घड्याळ चालू असताना, छाती धडधडत असताना, 'आता बोट बाहेर काढले पाहिजे' असा विचार कोणी करू शकत नाही. बोट एकतर आपोआप बाहेर येते किंवा येत नाही. याचा अर्थ असा, की दुसऱ्याच्या जिवाविषयी असलेली काळजी ही येथे भावना म्हणून उपयोगाची नाही, तत्त्व म्हणून उपयोगाची नाही. ती तर्जनीत उतरलेली असेल तरच आहे.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या पुस्तकात म्हटले आहे की नीतीसाठी असलेला ग्रीक शब्द सवयीच्या शब्दातच किंचित फेरफार होऊन बनला आहे. आपल्या 'वळण' या शब्दाची तेथे आठवण होते. सद्गुण जन्मतः येत नाहीत, बांधकाम करून गवंडी होतो आणि वीणा वाजवून वादक होतो तसे ते आचरणाने अंगी बाणतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. मात्र त्याने तेथेच जोडलेली पुस्ती अधिक महत्त्वाची असून ती सहसा विसरली जाते : वीणा वाजवूनच चांगले वादक होतात आणि वाईट वादकही वीणा वाजवूनच होतात. सराव स्वभावतः निष्पक्ष आहे. तुम्ही त्याला जे द्याल ते तो पक्के करतो. शहाणपण आणि मूर्खपणा यांत तो भेद करीत नाही.

हीच पुस्ती अमेरिकन नेमबाजांच्या तोंडी एका कथेच्या रूपाने फिरत राहिली. ५ एप्रिल १९७० च्या रात्री कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे, एका उपाहारगृहाच्या आवारात, महामार्ग पोलिसांचे चार तरुण अधिकारी दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत मारले गेले. त्यांच्याजवळ रिव्हॉल्व्हर होती, आणि ती भरताना काडतुसे सुटी सुटी घालावी लागत. पुढे असे सांगितले जाऊ लागले की त्यांपैकी एकाच्या खिशात झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. सरावाच्या मैदानावर नंतर वेचण्याचा त्रास नको म्हणून पुंगळ्या हातात घेऊन खिशात टाकण्याची सवय होती, आणि मृत्यू समोर उभा असतानाही त्याच्या हाताने तेच केले! कथा हृदय हलविणारी आहे. पिढ्यान्‌पिढ्या प्रशिक्षकांनी ती हौशी नेमबाजांना सांगितली, आणि सांगताना बजावले : मैदानावर सोयीसाठी जे कराल, तेच संकटात कराल.

परंतु ती खरी नसावी. या घटनेची कागदपत्रे आणि छायाचित्रे पुढे ज्यांनी बारकाईने तपासली, त्यांना त्या पुंगळ्या जमिनीवरच पडलेल्या आढळल्या. त्या तरुणाने मरणापूर्वी जे करावयास हवे होते तेच केले होते. त्याला वेळ पुरला नाही, एवढेच.

विल्यम जेम्सने १८९० च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात, सवयीवरील प्रकरणात, हक्सलीची एक गोष्ट घेतली आहे. एक निवृत्त शिपाई जेवण हातात घेऊन घरी चाललेला असतो. एक थट्टेखोर मागून 'सावधान'ची आज्ञा ओरडतो. त्याबरोबर शिपायाचे हात बाजूला सरळ होतात आणि मटण व बटाटे गटारात पडतात. मजेची गोष्ट अशी की ही कथा विश्वसनीय असली तरी कदाचित खरी नसेल, अशी कबुली हक्सलीने स्वतःच देऊन ठेवली आहे. पोलिसांची आणखी एक कथा सांगतात : हल्लेखोराच्या हातून पिस्तूल हिसकावण्याचा सराव करताना दरवेळी ते सहकाऱ्याला परत देण्याची सवय जडल्यामुळे, प्रत्यक्ष प्रसंगी एकाने ते हिसकावले आणि तत्काळ हल्लेखोराला परत दिले. सवयीविषयीच्या आपल्या कथा अशा असतात. आपल्या हाताने आपला घात केला, ही भीती माणसाला इतकी सनातन आहे की तिला पुरावा लागत नाही.

न्यूहॉलच्या कथेचे मला वेगळेच वाटते. ती रचणाऱ्यांनी, किंवा न तपासता पुढे नेणाऱ्यांनी, एका चांगल्या धड्यासाठी एका मृत माणसाला दोष दिला. सरावात शिस्त यावी हा हेतू स्तुत्य होता, आणि त्या घटनेनंतर तेथील पोलिसांना सहा काडतुसे एकदम भरणारे साधन मिळाले, हेही खरे. परंतु ज्याने अखेरच्या क्षणी योग्य तेच केले, त्याच्या माथी हा ठपका का असावा? शिकवण उपयुक्त आहे, एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही.

असत्य आणि उपयुक्तता यांचे नाते या क्षेत्रात एका दुसऱ्या ठिकाणीही येते, आणि तेथे माझे मत नेमके उलट होते. कूपर यांनी शस्त्र हाताळण्याचे चार नियम रूढ केले. शस्त्र सदैव भरलेलेच आहे. ज्याचा नाश करण्याची तयारी नाही त्याच्यावरून नळीचे तोंड जाऊ देऊ नये. नेम लक्ष्यावर बसेपर्यंत बोट चापाबाहेर असावे. आणि लक्ष्य काय आहे व त्याच्या मागे काय आहे याची खात्री असावी. यांतले तीन नियम आज्ञा आहेत. पहिला मात्र विधान आहे, आणि तेही उघड उघड असत्य विधान. कपाटात ठेवलेले, आत्ताच तपासलेले, रिकामे पिस्तूल भरलेले नसते, हे कूपर यांनाही माहीत होते आणि शिकणाऱ्यालाही असते. तरी शस्त्र भरलेले 'समजा' असे म्हणण्यात त्यांना समाधान नव्हते. ते भरलेले 'आहे'.

अद्वैत वेदान्तात दोरीच्या ठायी साप दिसणे हे भ्रमाचे सर्वपरिचित उदाहरण. दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि दोरी उरते. ज्ञान म्हणजे हेच. नेमबाज याच्या उलट वागतो. त्याच्या हातात दोरी आहे, दिवा लावून ती दोरीच असल्याचे त्याने पाहिलेले आहे, आणि तरीही तो तिला साप म्हणूनच धरतो. जर्मन तत्त्वज्ञ हान्स फायहिंगर याने १९११ साली 'जणू काही'चे तत्त्वज्ञान मांडले. असत्य असल्याचे ठाऊक असलेल्या कल्पनांवर माणसाचा किती व्यवहार उभा आहे, हे त्याने दाखविले. पण नेमबाजाची गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. 'समजा' या शब्दात एक फट आहे. त्या फटीतून 'पण खरे तर ते रिकामे आहे' हा विचार आत येतो, आणि मित्राकडे हसत हसत नळी वळते. ती फट बुजविण्यासाठी विधान असत्य ठेवावे लागले. न्यूहॉलच्या कथेतील असत्य दुसऱ्याविषयी होते. हे असत्य स्वतःच्या ज्ञानाविषयी आहे. आपल्या खात्रीवर आपण इतके विसंबू नये, एवढीच त्यातील नम्रता. ते मला मान्य आहे.

मात्र येथेच एक पेच उभा राहतो आणि सरावाचे नैतिक मर्म त्यात आहे. शस्त्र सदैव भरलेले असेल तर घरी सराव कसा करावयाचा? मैदान दूर असते, काडतुसे महाग असतात. भारतात तर त्यांच्या खरेदीवर कायद्याचीही मर्यादा आहे. म्हणून काडतुसावाचूनचा कोरडा सराव हा सर्वत्र नेमबाजाचा मुख्य सराव. रिकामे पिस्तूल भिंतीकडे रोखून चाप ओढावयाचा. खोट्या काडतुसांनी भरलेली मॅगझिन बदलावयाची. म्हणजे भरलेले 'असलेले' शस्त्र घराच्या भिंतीवर झाडावयाचे. सवय लावण्यासाठी सवयीचा पहिला नियमच बाजूस ठेवावा लागतो.

अनुभवी लोकांनी यावर जो तोडगा काढला तो जवळजवळ कर्मकांडासारखा आहे. खरी काडतुसे त्या खोलीतच ठेवावयाची नाहीत. शस्त्र तपासावयाचे, मॅगझिन तपासावयाची, मग पुन्हा तपासावयाची. ज्या भिंतीवर नेम धरावयाचा ती गोळी अडविण्याइतकी भक्कम असावी, कारण नियम बाजूस ठेवला तरी पुरता सोडलेला नाही. सुरुवात ठरवून करावयाची, आणि संपताना ती संपली असे स्वतःशीच मोठ्याने उच्चारावयाचे. योहान हाउझिंगा याने १९३८ मध्ये खेळाविषयी जे लिहिले, की खेळ हा नेहमीच्या जगातून आखून घेतलेल्या जागेत व काळात चालतो, त्याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही. फरक इतकाच की येथे रिंगणाची रेघ पुसली गेली तर प्राणावर बेतते.

आणि ती रेघ कोठे पुसली जाते, हेही नेमबाजांना नेमके ठाऊक आहे. सरावाच्या मध्ये नव्हे, सराव संपल्यावर. पिस्तूल पुन्हा खऱ्या काडतुसांनी भरून झाले आहे, हात अजून तापलेले आहेत, शेवटचा मॅगझिनबदल थोडा अडखळला होता, आणि मनात येते : एकदाच, आणखी एकदा. हात पूर्वीच्या शंभर वेळांप्रमाणेच अचूक हलतो. चाप तसाच सफाईने ओढला जातो. या क्षणी सवयीत कोणताही दोष नसतो. दोष असतो तो ती ज्या जगासाठी लावली होती ते जग संपून गेले आहे, यात. म्हणूनच संपल्याचे वाक्य मोठ्याने उच्चारावयाचे, आणि त्यानंतर त्या दिवशी पुन्हा शस्त्राला सरावासाठी हात लावावयाचा नाही. स्पर्धेच्या ठिकाणी शस्त्र हाताळण्यासाठी जी सुरक्षित जागा राखलेली असते, तेथे रिकामे पिस्तूल मोकळेपणी हाताळता येते, पण काडतूस नेता येत नाही. खोटे काडतूससुद्धा नाही. खोट्याला परवानगी दिली की खरे त्याच्या वेशात आत येईल, हे त्यामागील तर्कशास्त्र.

महाभारताच्या आदिपर्वात एक प्रसंग आहे. अर्जुन रात्री जेवत असता वाऱ्याने दिवा विझतो, आणि अंधारातही त्याचा हात न चुकता तोंडाकडे जातो. हे अभ्यासाचे फळ आहे हे त्याच्या ध्यानात येते आणि तो रात्रीच्या अंधारात बाणांचा सराव करू लागतो. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोण धावत येतात आणि त्याला आलिंगन देतात. कौतुकाची गोष्ट म्हणून ही आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिच्याशेजारी रामायणातील दुसरा धनुर्धर ठेवून पाहावा. तरुण दशरथाला शब्दवेधाचा अभिमान होता. शरयूतीरी, काळोखात, घडा भरण्याचा आवाज त्याला हत्तीच्या पाणी पिण्याचा वाटला. बाण अचूक लागला, आणि पाण्यासाठी आलेला एका अंध मातापित्यांचा मुलगा मेला. दशरथाच्या हाताने चूक केली नाही. अर्जुनाला ज्या सरावासाठी गुरूने मिठी मारली, त्याच सरावाचे हे फळ. कूपर यांचा चौथा नियम दशरथाने मोडला होता, लक्ष्याची खात्री करून घेण्याचा. आणि कौशल्य जितके अधिक, तितकी ती खात्री करण्याची गरज आपल्याला कमी भासते. पुढे गीतेत चंचल मन कसे आवरावे हे विचारणारा हाच अर्जुन असतो, अभ्यासाचा मूर्तिमंत पुतळा. आणि उत्तर मिळते त्यात अभ्यासाच्या जोडीला वैराग्य येते. धनुष्याच्या अभ्यासाला वैराग्याची जोड म्हणजे काय, हे मला शरयूतीराकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. उचललेला बाण न सोडता येणे, तो हातातच थांबविता येणे, असे काहीसे ते असावे.

मग सवयीने पाहता येते का? खरा कठीण प्रश्न हा आहे. शस्त्र रिकामे करण्याच्या क्रियेत दोन पायऱ्या आहेत : मॅगझिन काढणे, आणि वरचा सरकता भाग मागे ओढून नळीतील काडतूस बाहेर टाकणे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी वरचा भाग ओढून सोडला आणि मग मॅगझिन काढले, तर नळीतील काडतूस बाहेर पडते खरे, पण मॅगझिनमधील पुढचे काडतूस त्याच्या जागी जाऊन बसते. दोन्ही कृती केल्या, दोन्ही बरोबर केल्या, एक काडतूस डोळ्यांदेखत बाहेर पडले, आणि हातात भरलेले शस्त्र उरले. म्हणून क्रमाची सवय लावतात, आणि अखेरीस नळीच्या मागच्या टोकाशी, काडतूस बसते त्या जागी, डोळ्याने पाहावयास, आणि शक्य तर बोटाने चाचपावयासही सांगतात. परंतु हजारदा रिकामेच दिसलेले हजार एकाव्या वेळीही रिकामेच 'दिसते'. डोळा पाहत नाही, आठवतो. हात बोटाला वळण लावू शकतो. दृष्टीला वळण लागले की ती दृष्टी राहतेच असे नाही. माझ्या मते सवयीची सीमा येथे आहे, आणि चाचपणारे बोट हे त्या सीमेवरचे एक कामचलाऊ कुंपण आहे.

दोष कोणाला द्यावयाचा, याविषयी नेमबाजांनी आपली भाषाच बदलली, ही लक्षणीय गोष्ट आहे. नकळत सुटलेल्या गोळीला पूर्वी 'अपघाती' म्हणत. आता, यंत्र मोडले नसेल तर, तिला 'हलगर्जीपणाची' म्हणतात. या खेळाचे ब्रीद तीन लॅटिन शब्दांचे आहे, आणि त्यांतला पहिला 'डिलिजेन्शिया' अचूकतेच्या अर्थाने घेतात. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ काळजी, आस्था. आणि त्याचा विरुद्धार्थी शब्द 'नेग्लिजेन्शिया', म्हणजे नेमका हलगर्जीपणा. दोहोंच्या मुळाशी वेचणे, निवडणे या अर्थाचा एकच धातू आहे. संघटनेच्या संस्थापकांच्या हे मनात होते की नाही कोण जाणे. पण ब्रीद त्यांच्या समजुतीपेक्षा शहाणे निघाले.

थॉमस नेगल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली 'नैतिक दैव' हा प्रश्न चर्चेत आणला : दोन माणसांची चूक तंतोतंत सारखी, एकाच्या चुकीच्या वाटेत मूल आले, दुसऱ्याच्या आले नाही, दोघांना आपण सारखेच दोषी का धरीत नाही? कायदा तर धरीतच नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, हलगर्जीपणाने दुसऱ्याचा जीव केवळ धोक्यात घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याच हलगर्जीपणाने माणूस मेला तर पाच वर्षांपर्यंत. मधले अंतर दैवाचे आहे. नेमबाजीच्या मैदानावर ते अंतर नाही. नळीचे तोंड मागच्या बाजूस वळले, तेथे कोणी उभे असो वा नसो. बोट आत दिसले, गोळी सुटो वा न सुटो. पिस्तूल हातून पडले, इजा होवो वा न होवो. शिक्षा एकच, स्पर्धेबाहेर. पडलेले पिस्तूल नेमबाजाने उचलावयाचेही नाही. ते पंच उचलतो. दैवाला वगळून दोष मोजण्याचा हा प्रयोग तत्त्वज्ञांच्या चर्चेत अवघड ठरला, आणि मातीच्या बांधांनी वेढलेल्या एका मैदानावर तो दर रविवारी निर्विवाद पार पडतो. अर्थात तेथे दंड लहान आहे, एका दिवसाचा खेळ गमावण्याचा. कैदेची वर्षे वाटावयाची असती तर ही समता आपल्याला सोसली असती का, याची मला शंका आहे.

खुद्द खेळ सवय बिघडवितो, असाही एक आक्षेप आहे. मोठ्या खेळात अर्धे भरलेले मॅगझिन खुशाल जमिनीवर टाकतात, कारण सेकंद मोलाचा, काडतूस नव्हे. हे वळण खऱ्या प्रसंगी घातक ठरेल असे मानणाऱ्यांनी १९९६ मध्ये निराळी संघटना काढली, आणि काडतुसे शिल्लक असलेले मॅगझिन मागे टाकून पुढे जाणाऱ्याला वेळेचा दंड लावला. दोन्ही बाजूंचा वाद अद्याप चालू आहे. मला तो काहीसा व्यर्थ वाटतो. हौशी नेमबाजांपैकी बहुतेकांच्या आयुष्यात असा खरा प्रसंग कधीच येणार नाही, आणि न येवो. पण घरी परतल्यावर पिस्तूल कपाटात ठेवण्याचा प्रसंग दर आठवड्याला येतो. खरी परीक्षा त्या कपाटापाशी आहे.

स्पर्धेतील फेरी संपली की पंच नेमबाजाला सांगतो ते वाक्य 'जर'ने सुरू होते : जर झाले असेल तर शस्त्र रिकामे करून दाखवा. नेमबाज मॅगझिन काढतो, नळी उघडतो, पंच वाकून आत पाहतो. मग दुसरी आज्ञा, तीही 'जर'नेच : जर रिकामे असेल तर घोडा पाडा. दोघांनी पाहिले आहे, दोघांची खात्री आहे, आणि तरी नेमबाज पिस्तूल समोरच्या मातीच्या बांधाकडे रोखतो, जणू ते भरलेलेच आहे, आणि चाप ओढतो. बहुधा एक कोरडा टक् असा आवाज येतो. क्वचित गोळी सुटते, मातीत जाते, आणि तो नेमबाज आपले सामान आवरू लागतो.